पांढरा रंग कसा ओळखावा

माझ्या मुलीनं, मुक्तानं, दोन वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या जिन्यात पायरीवर बसलो होतो. आत तिच्या आईला नुकतंच दाखल करून घेतलं होतं. मुक्ता म्हणाली, "बाबा, लोकांच्या टीव्हीतला एवढासा पिवळेपणा तुम्हाला आठ फुटांवरून दिसतो. आईच्या डोळ्यांतला कसा नाही दिसला?"

मी उत्तर दिलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. पाच महिन्यांनी शालिनी गेली. तेव्हापासून मुक्ता बंगळुरूहून दर रविवारी फोन करते आणि आम्ही गॅसचा सिलिंडर, सोसायटीचं पाणी, तिच्या ऑफिसातला नवा साहेब यांबद्दल बोलतो. प्रश्न तिथेच, त्या पायरीवर बसून राहिला आहे.

या अंकाच्या संपादिका आमच्याच सोसायटीत राहतात. "टीव्हीचं चित्र पारखण्याचं काम करणारा माणूस असतो हेच आमच्या वाचकांना ठाऊक नसेल, लिहा ना," असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. मला लिहायची हौस होती म्हणून नव्हे. मुक्ताला द्यायचं उत्तर माझ्या कामाबद्दल सांगितल्याशिवाय देता येणार नाही असं बरेच दिवस वाटत होतं. म्हणून आधी काम सांगतो.

घाटकोपरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी नोकरीला होतो. सुरुवातीला दुरुस्ती करायचो, नळीचे टीव्ही होते तेव्हा. पुढे दुरुस्तीचं काम संपत गेलं, कारण नव्या टीव्हीत दुरुस्त करण्यासारखं फारसं काही उरलं नाही. शेवटची आठ वर्षं मी एकच काम केलं. महागडा ओलेड टीव्ही घेतलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, चित्र तपासायचं, ते त्या खोलीपुरतं नीट बसवायचं, आणि माल बरा आहे की बदलून द्यायला हवा ते सांगायचं. दुकानात मला 'नजर' म्हणत. "नजर आली का? मग गाडी काढा." मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

ओलेड म्हणजे काय ते थोडक्यात. साध्या टीव्हीत मागे एक दिवा सतत जळत असतो आणि पुढचा पडदा तो हवा तिथे अडवतो. कितीही अडवला तरी थोडा उजेड गळतोच. म्हणून चित्रातलं रात्रीचं आभाळ काळं न दिसता राखाडी दिसतं. ओलेडमध्ये मागे दिवा नसतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हाच एक इवलासा दिवा असतो. काळं दाखवायचं असेल तर तो विझतो. खोलीत पूर्ण अंधार केला तर काळ्या चित्रात टीव्ही कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही.

हे मी विक्रोळीच्या दळवीकाकांना समजावत होतो. ते एका कारखान्यातून टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले. कंपनीच्या वसाहतीतलं घर सोडून शेजारच्याच नव्या इमारतीत आले होते. टीव्ही मुलानं परदेशातून पैसे पाठवून घ्यायला लावलेला. दळवीकाकांनी कपाटातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पडद्याला नाक टेकवून उभे राहिले.

"म्हणजे काळं दाखवताना हा काय करतो?"

"काहीच नाही. विझतो."

"काहीच करत नाही?"

"नाही."

त्यांनी भिंग खाली घेतलं. "म्हणजे तुम्ही मला बंद दिवे विकलेत. आणि तेही चालू दिव्यांपेक्षा महाग!"

आतून काकू ओरडल्या, "अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या. आल्यापासून उलटतपासणी घेताय."

पडदे ओढून मी त्यांना काळं चित्र दाखवलं. त्यांनी भिंग खिशात ठेवलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं कारखान्याच्या शॉपमध्ये काढली. तिन्ही पाळ्या दिवे चालू. एवढा अंधार मी कधी बघितलाच नव्हता." टीव्ही पास झाला.

काळं ओळखणं सोपं असतं. त्यानंतर मी अगदी गडद करडा रंग लावून बघायचो. त्यात उभे पट्टे दिसले, तर पुढे क्रिकेटचं मैदान दाखवताना कॅमेरा फिरला की तेच पट्टे हिरवळीवरून सरकताना दिसतात. थोडे पट्टे प्रत्येक टीव्हीत असतात. किती चालतील हे ठरवायचं काम माझं. मग बातम्यांचं चॅनल लावून, कोपऱ्यातली चॅनलची खूण गेल्यावर तिचा डाग मागे राहतो का ते बघायचं. हे सगळं शिकता येतं, शिकवता येतं.

सगळ्यात अवघड पांढरा रंग.

दुकानात टीव्ही मांडतात तेव्हा पांढऱ्यात मुद्दाम निळसर झाक ठेवलेली असते. ती झगझगीत दिसते, गिऱ्हाईक थांबतं. घरी गेल्यावर मी तो पांढरा खऱ्या दिवसाच्या उजेडासारखा करायचो. केला रे केला की घरातलं कुणीतरी म्हणणारच, "अरे, पिवळा झाला!" मी म्हणायचो, दहा मिनिटं थांबा. त्या दहा मिनिटांत मी चहा प्यायचो. दहा मिनिटांनी त्यांना तोच रंग स्वच्छ पांढरा वाटू लागायचा. मग मी आधीचा लावून दाखवायचो, आणि तीच माणसं म्हणायची, "शी, हा तर निळा आहे."

यात जादू काही नाही. डोळा समोर जे असेल त्यालाच पांढरं म्हणायला शिकतो. समोरचं हळूहळू पिवळं होत गेलं, तर डोळाही हळूहळू सोबत जातो. त्यानं आपल्याला फसवलं हे आपल्याला कळत नाही, कारण कळायला दुसरा डोळा नसतो. म्हणून माझे काही नेम होते. काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं खिडकीपाशी बसून दिवसाच्या उजेडात एक कोरं पांढरं कार्ड बघायचं. पिवळ्या बल्बखाली कुठल्याही रंगाबद्दल बोलायचं नाही, कारण पिवळ्या उजेडात पांढऱ्यावरचा पिवळा हरवून जातो. डोळे थकले असतील तर "उद्या सांगतो" म्हणायचं. पडद्याला टेकवायचं एक छोटं यंत्रही माझ्याकडे असायचं. ते आकडे देतं आणि थकत नाही. पण आधी मी डोळ्यानं सांगायचो आणि मग यंत्र लावायचो. बहुतेक वेळा यंत्र माझ्या बाजूनं बोलायचं. माणसाला याचीही सवय होते.

भांडुपला एका घरी गेलो होतो. सावंतांचं घर, मूळचे मालवणकडचे. काका गिरणीत होते, मुलगा आता कुरियर कंपनीत. नव्या टीव्हीवर ते सगळ्यांत आधी नातवाच्या बारशाचा व्हिडिओ लावून बसले होते. मी चित्र बसवलं, चेहऱ्यांवरचा गुलाबी मुलामा काढला, आणि सावंतकाकींनी कपाळावर हात मारला.

"आधी कशी गोरी दिसा होती! ह्येनी काय केल्यानी ता बघ. सून माझी काळी करून ठेवल्यानी!"

मुलगा हसत म्हणाला, "आई, ती तशीच आहे."

"तू गप रे. पाव्हण्यांका दाखवूचा आसा."

सून आतून पदराला हात पुसत आली. टीव्हीसमोर उभी राहिली आणि पडद्यावरच्या स्वतःच्या गालाशेजारी आपला गाल नेला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जुळतंय ना, दादा? मग राहू दे."

घरी येऊन मी हे शालिनीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झाली होती. भाजी निवडता निवडता तिनं ऐकून घेतलं.

"आणि तुम्ही निघाल्यावर सासू सुनेला काय बोलली असेल?"

"ते मी काय सांगणार? रंग बरोबर होता."

"रंग बरोबरच असणार. पण सांगताना तुमचा आवाज कसा होतो ठाऊक आहे? निकाल दिल्यासारखा. समोरच्यानं पुढे बोलायचंच नाही."

मी हसलो. आमच्या घरचा टीव्ही सात वर्षांचा, साधा, आणि शालिनीनं त्यात लाल रंग एवढा चढवून ठेवलेला की मालिकेतल्या सगळ्या बायका नुकत्या भांडून आल्यासारख्या दिसायच्या. मी तो उतरवायचो. दुसऱ्या दिवशी परत चढलेला असायचा. "मला असंच आवडतं," ती म्हणायची. माझ्या निकालाला न जुमानणारी तेवढी एकच जागा होती.

आता त्या दिवसाबद्दल.

आमच्याकडे माहुलहून मासळी घेऊन हिराबाय यायची. वीस वर्षं येत होती. दर बुधवारी सकाळी पाटी दारात उतरवायची आणि शालिनीशी तिच्या गप्पा सुरू व्हायच्या. त्या वर्षी भाचीच्या लग्नामुळे आणि मग स्वतःच्या गुडघ्यामुळे ती महिनाभर आली नव्हती. महिन्यानं आली, पाटी उतरवली, मान वर करून शालिनीकडे बघितलं आणि पापलेट हातात तसंच राहिलं.

मी तेव्हा घरी नव्हतो. हे मला शालिनीनं संध्याकाळी सांगितलं, हिराबायची नक्कल करत. "शालूबाय, तुजे डोले पिवले दिसतान गो! उद्या डाक्तरला दाखव." शालिनीनं तिला म्हटलं, अगं उजेडामुळे वाटत असेल. तर ती म्हणाली, "मना सांगतेस? रोज मासलीचं डोलं बघूनच मावरा घेतंय मी धक्क्यावर."

हे सांगून शालिनी हसली आणि म्हणाली, "बघा ना जरा. तुमचं तर कामच आहे. का तिची नजर तुमच्यापेक्षा तेज?"

मी अंधेरीहून आलो होतो. एका गिऱ्हाइकाच्या घरी बंद खोलीत पाच तास एकाच टीव्हीसमोर बसलो होतो. त्याला सिनेमा पिवळसर, जुन्या छापाचा आवडायचा आणि त्याच्या मनासारखा पांढरा सापडेपर्यंत त्यानं मला उठू दिलं नव्हतं. डोळे त्या रंगात भिजून आले होते. आमच्या बाहेरच्या खोलीत पिवळे बल्ब होते. ट्यूबचा उजेड शालिनीच्या डोळ्यांना खुपायचा म्हणून मीच ते लावले होते. म्हणजे माझे जे जे नेम होते ते सगळे त्या क्षणी मोडलेले होते, आणि ते मोडले आहेत हे मला ठाऊक होतं. माझ्या जागी दुसरा कुणी, बँकेतला कारकून किंवा रिक्षावाला असता, तर तो म्हणाला असता, "मला काय कळतंय, डॉक्टरला विचार." मीही "उद्या सकाळी खिडकीत बघतो" म्हणू शकलो असतो.

पण तिनं हिराबायचं नाव घेतलं होतं. मासळी विकणारी बाई माझ्या घरात रंग सांगते, हे मला थोडंसं लागलं. थोडंसंच. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेवढंच आहे.

मी तिची हनुवटी धरून चेहरा बल्बाकडे वळवला. दोन्ही डोळ्यांत बघितलं. आणि म्हटलं, "पांढरे आहेत."

तेवढे दोनच शब्द.

ती म्हणाली, "झालं तर मग," आणि पानं वाढायला गेली.

म्हणजे मुक्ताच्या प्रश्नातच चूक होती. मला दिसलं नाही असं नव्हे. मला दाखवलं गेलं होतं, मला विचारलं गेलं होतं, आणि मी बघून निकाल दिला होता. मुक्ताला हे ठाऊक नव्हतं. बाबांचं लक्ष नव्हतं एवढंच ती समजत होती आणि दोन वर्षं मी तिला तसंच समजू दिलं. दुर्लक्षाचा दोष मला सोसत होता. हा दुसरा सांगवत नव्हता.

पुढच्या बुधवारी हिराबाय आली तेव्हा मी घरात होतो, आतल्या खोलीत कपडे बदलत होतो. मला दारातलं बोलणं ऐकू येत होतं.

"गेलीस का डाक्तरकडं?"

"नाही गं. ह्यांनी बघितले डोळे. पांढरे आहेत म्हणाले."

हिराबाय जरा थांबली. मग म्हणाली, "साहेबांनी बघितलं ना? मग बरा. त्यांना कलतं."

मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं. सकाळचे नऊ वाजले होते, दारात स्वच्छ उजेड होता, शालिनी त्याच उजेडात उभी होती. मी शर्टाची बटणं लावली, बाहेर आलो, "काय हिराबाय, गुडघा कसा आहे?" म्हणून चपला घातल्या आणि कामाला गेलो. शालिनीकडे बघितलं नसेल असं नाही. जाताना रोज बघायचो. पण ज्याबद्दल आपण एकदा सांगून मोकळे झालो, ते आपण परत बघत नाही.

आणखी दोन आठवडे गेले. शालिनीला अंगाला खाज यायची, ती म्हणायची हवा दमट आहे. जेवण कमी झालं होतं, ती म्हणायची तेवढंच वजन उतरेल. मग लघवीचा रंग बदलला तेव्हा ती स्वतःच उठून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. मी सोबत होतो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि लगेच सोडली. एक क्षणही लागला नाही.

"कावीळ आहे. बरेच दिवस असणार. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

शालिनीनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "नाही. रोज बघणाऱ्याला कळत नाही ना."

तिनं माझं रक्षण केलं. पुढच्या पाच महिन्यांत, तपासण्यांत, ऑपरेशनच्या आधी, नंतर, एकदाही तिनं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. तिच्या मनात काय होतं ते मला कधीच कळणार नाही. तिनं मला माफ केलं होतं, की माझ्याशी ते बोलण्याइतकं बळ तिला वाया घालवायचं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पित्त वाहून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी गाठ होती. मोठ्या सर्जनना मी बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, तीन आठवडे आधी आलो असतो तर? ते बिचारे सभ्य होते. म्हणाले, "फरक पडला असता, पडला नसता, दोन्ही शक्य आहे. हे कुणीच सांगू शकणार नाही. तुम्ही त्यात अडकू नका." ते निघून गेले आणि मी अडकलो.

ती गेल्यानंतर महिन्याभरानं मी परत कामावर गेलो. मुलुंडला एका डॉक्टर दांपत्याचं घर होतं. उत्तम टीव्ही, उत्तम खोली. मी नेमाप्रमाणे खिडकीत बसलो, कार्ड बघितलं, सगळं केलं. मग पांढरा पडदा लावला. बाईंनी विचारलं, "कसा आहे? बरोबर आहे का पांढरा?"

मला सांगता येईना. म्हणजे दिसत होतं, पण तोंडातून शब्द निघेना. मी यंत्र काढलं, पडद्याला टेकवलं, आकडा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आकडा राहू दे, तुम्हाला काय वाटतं? दुकानात म्हणाले, यांचा डोळा म्हणजे शेवटचा शब्द." मी म्हटलं, "आकडा बरोबर आहे, बाई." सामान आवरलं आणि निघालो. त्या आठवड्यात राजीनामा दिला. दुकानातल्या लोकांनी शाल, नारळ आणि पुस्तकांचं कपाट दिलं. मला वाचनाची आवड आहे हे त्यांना ठाऊक होतं. कपाटाचा रंग त्यांनी पांढरा निवडला होता. त्यांच्या मनात काही नव्हतं.

हिराबाय अजून बुधवारी येते. मी एकटा आहे, मला मासळी नीट साफ करता येत नाही, म्हणून ती दारातच बसून करून देते. एकदा मी तिला म्हटलं, "हिराबाय, तू सांगितलं होतंस." ती मान खाली घालून खवलं काढत राहिली. म्हणाली, "मी परत बोलाया पायजे होतं. तुमचं नाव आयकलं नि गप रायले." तिच्याही खांद्यावर मी काहीतरी ठेवून दिलं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

इथपर्यंत मी जूनपासून हळूहळू लिहिलं. मधे तीन आठवडे एक ओळही लिहिली नाही. गेल्या महिन्यात मुक्ता दोन दिवसांसाठी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी कागद तिच्यापुढे ठेवले.

"हे काय?"

"अंकासाठी लिहिलंय. छापायला देण्याआधी तू वाच. तू नको म्हणालीस तर देणार नाही."

तिनं ओट्याला टेकून उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. मी बाहेर खुर्चीत बसलो. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. ती कुठे पोचली असेल ते मला ठाऊक होतं. आता ती बाहेर येईल, बॅग भरेल आणि संध्याकाळचं विमान लवकरचं झालंय असं काहीतरी सांगून निघेल, अशी मी तयारी करून बसलो होतो.

ती बाहेर आली. कागद तिच्या हातात होते. माझ्या समोर न बसता खिडकीपाशी, पाठ करून उभी राहिली.

"बाबा, हे मला ठाऊक होतं."

ती खिडकीबाहेर बघतच बोलत राहिली.

"आईनं मला त्याच संध्याकाळी फोन केला होता. व्हिडिओ कॉल. तुम्ही आंघोळीला गेला होतात. हसत होती. म्हणाली, हिराबाय म्हणते माझे डोळे पिवळे झालेत, तुझे बाबा म्हणतात पांढरे आहेत, आता तू सांग. फोन डोळ्यांजवळ नेला तिनं. एवढा जवळ की नाकच दिसत होतं. मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते. मी म्हटलं, आई, बाबा म्हणालेत ना? मग नाहीत पिवळे. विषय संपला."

"मुक्ता..."

"थांबा. मी बघितलंच नाही, बाबा. स्क्रीनकडे बघत होते, पण बघितलं नाही. आणि मग हॉस्पिटलात तुम्हाला विचारलं, कसं नाही दिसलं म्हणून. तुम्हाला! तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं, आईनं तुम्हाला माझा फोन सांगितलाय आणि तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. म्हणून मी परत विचारलं नाही."

दोन वर्षं आम्ही दोघं सिलिंडरबद्दल बोलत होतो ते असं.

ती वळली. तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र स्थिर होता. लहानपणी गणित अडलं की वही घेऊन यायची तशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता तुम्ही मला एक सांगा. कामातलं विचारतेय. फोनचा कॅमेरा, घरातले पिवळे बल्ब, माझ्याकडे कॅबमधला अंधार. मी नीट बघितलं असतं, तर दिसलं असतं का?"

याचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. फोनचा कॅमेरा समोरच्या उजेडाप्रमाणे पांढरा आपल्या आपण दुरुस्त करून घेतो, स्क्रीन लहान, तीही बहुधा निळसर, चेहरा हलता. नसतं दिसलं, असं मी म्हणू शकलो असतो. निम्मं तरी ते खरं होतं. आणि मी म्हटलं असतं, तर तिचा विश्वास बसला असता. तिच्या आईचा बसला होता, हिराबायचा बसला होता, तिचाही एकदा बसला होता. तिला हायसं वाटलं असतं आणि तिनं ते उत्तर आयुष्यभर जपून ठेवलं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी ते चित्र बघितलेलं नाही. ते आता कुठेच नाही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि कागद मांडीवर घेऊन, जिथे थांबली होती तिथून पुढे वाचायला लागली.